तोंडवलीच्या सुभद्रेचे तीन कोस

तोंडवलीच्या किनाऱ्यावर सुभद्रेशी भांडायला कुणी आपण होऊन जात नसे. रापणीचं जाळं ओढून झालं, वाळूवर मासळीचे वाटे पडले, की ही कमरेवर हात ठेवून हजर. वाट्यात एक जरी बांगडा पिचका निघाला तरी रापणवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. मग तीच मासळी पाटीत भरून, पाटी डोक्यावर घेऊन ही बया अडीच कोस चालत मसुऱ्याला जायची. दारोदार मासळी विकायची, दारोदार गप्पा हाणायची, कुणाच्या सुनेला दटावायची, कुणाच्या सासूला त्याहून जास्त दटावायची, आणि दिवस कलायच्या आत घरी परत. हे काही एक-दोन वर्षं नव्हे, लग्न होऊन आली तेव्हापासून तीस वर्षं. चालणं हेही काम असतं, असं तिच्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. सोबत कुणी असलं तर त्याच्याशी, नसलं तर स्वतःशी बोलत ती चालायची आणि वाट संपायची.

१९५८ च्या आषाढात हे सगळं एका क्षणात थांबलं. पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणून सुक्या बांगड्यांची पाटी घेऊन ती निघाली होती. वाटेत व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, पोफळीचे दोन ओंडके टाकून केलेला सांकव. तीस वर्षं त्यावरून गेलेली बाई, पण त्या दिवशी ओंडका शेवाळला होता आणि पाय सटकला. खाली पडली ती नेमकी दगडावर. लोक धावत आले तेव्हा डावा पाय गुडघ्याखाली भलताच वळलेला, आणि ही ओरडत होती, "माजे बांगडे व्हावान गेले रे! आधी ते पकडा, मेल्यांनो, मी खंय व्हावान जातंय?"

हाडवैद्याने हाड बसवलं, बांबूच्या कांबी बांधल्या, पाला लावला. गणपती आले तेव्हा कांबी सुटल्या, पण पाय आपला राहिला नव्हता. पोटरी वाळून गेली होती आणि गुडघा वाकायचं नाव घेत नव्हता. नवरा लवू तिला होडीत घालून मालवणला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर भला माणूस, शुद्ध मराठीत म्हणाला, "बाई, आता वय झालं. घरातल्या घरात हिंडला-फिरलात तरी मिळवलंत." बावन्न वर्षांच्या बाईला हे सांगायचं! येताना होडीत ती लवूशी एक शब्द बोलली नाही, आणि लवू बिचारा त्यानेच जास्त घाबरला.

मुलगा मुंबईला गोदीत कामाला. घरात लवू, ती आणि सून आनंदी. आनंदी गुणाची, पण अबोल. आता सासूची पाटी तिच्या डोक्यावर आली आणि सासूही तिच्याच खांद्यावर आली. सकाळ-संध्याकाळ सुभद्रेला परसाकडे न्यायचं काम तिचंच. ती काही कुरकुरत नव्हती, पण सुभद्रेला ते मरणाहून वाईट वाटायचं. उभ्या गावाला दटावणारी बाई, आणि एवढ्यासाठी सुनेची वाट बघत बसायचं! दिवसातून चारदा पाणी प्यायची ती एकदाच पिऊ लागली. हे तिने कुणाला सांगितलं नाही.

मार्गशीर्षात गावच्या देवळाची जत्रा होती. लवूने आणि शेजाऱ्यांनी तिला खुर्चीत बसवून देवळात नेलं. तिथे दाजी गावकर गाऱ्हाणी घालत होता. आमच्याकडे देवाकडे मागायचं ते आपण मागत नाही. आपण गावकराच्या कानात सांगायचं, आणि त्याने आपल्या वतीने, खड्या आवाजात, देवाला ऐकवायचं. तो बोलतो आणि जमलेला गाव दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतो. एकदा गाव "व्हय म्हाराजा" म्हणाला की ते बोलणं देवाच्या दरबारात दाखल झालं, मग मागे घेणं नाही. दाजीचं वय सत्तरीला आलेलं, पण त्याचा आवाज असा होता की देव झोपला असेल तर उठून बसावा.

सुभद्रेने त्याला जवळ बोलावलं आणि हळूच सांगितलं, "दाजीनू, देवाक सांगा, माका एकटीक परसाकडे जावक येवंदे. बाकी काय नको."

दाजी देवासमोर उभा राहिला. मागे सगळा गाव, नवी लुगडी नेसलेल्या बायका, मुंबईहून आलेले चाकरमानी. दाजीने घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या तुज्या सुभद्रेन आज तुज्या पायाकडे हात जोडल्यान. तिच्या पायार जा काय संकट इला आसा, ता तू निवारून टाक!"

"व्हय म्हाराजा!"

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण पुढचा शब्द काही दाजीच्या तोंडातून निघेना. एक क्षण तो थांबला, आणि मग त्याचा आवाज एकदम चढला. "आणि येतल्या भराडीच्या जत्रेक, तोंडवलीसून आंगणेवाडीपर्यंत, कोणाच्या खांद्यार हात न ठेवता, तिका पायान चलान जावंदे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गावाने असा काही गजर केला की देवळाची कौलं हलली. भराडी देवीची आंगणेवाडी म्हणजे मसुऱ्याच्याही पुढे. पुरते तीन कोस.

सुभद्रा खुर्चीत थिजली. गाऱ्हाणी आटोपल्यावर तिने दाजीला गाठलं, म्हणजे लवूला सांगून गाठवलं. "दाजीनू, मी काय सांगलंय आणि तुमी काय बोललास?"

दाजीची मान खाली. "गो, सगळ्या गावासमोर, देवाच्या तोंडार, परसाकडचा कसा बोलू? जीभच उचालना."

"म्हणान तीन कोस?"

"तोंडाक इला ता बोललंय. आता काय करू? गाव व्हय म्हणालो."

असा हा घोळ. दुसरीकडे कुठे झाला असता तर दोन माणसांत हसून मिटला असता. पण आमच्याकडे गाऱ्हाण्यात गेलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ, पुसायची सोय नाही.

आणि त्यात आणखी एक गंमत. भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते. दरवर्षी देवीचा कौल घेऊन ती ठरते. कधी पौष संपताना, कधी माघात, कधी फाल्गुन उजाडतो. म्हणजे मुदत आहे, पण ती कधी संपणार हे कुणालाच ठाऊक नाही. वाडीतले टवाळ रोज अंगणातून जाताना विचारायचे, "काय गो सुभद्राकाकी, आंगणेवाडीक कधी निघतंस?" ती आतून ओरडायची, "तुज्या लग्नाक जावन मगे निघतंय!" ओरडायची खरी, पण ते गेले की गुडघा चोळत बसायची.

दुसऱ्या दिवसापासून ती काठी घेऊन चालायला लागली. चार पावलं टाकायची, कळ यायची, बसायची. उद्या आठ टाकायची असं ठरवायची आणि उद्या पुन्हा चारच व्हायची. आठवडा झाला, काठी अंगणात भिरकावून दिली. हे काही तिच्याच्याने होणार नाही, असं तिला पहिल्यांदा वाटलं.

मग एके दिवशी तिला आठवलं की तुळसेशी आपलं भांडण अर्धवट राहिलंय. तुळसा म्हणजे चार घरं सोडून राहणारी शेजारीण. आषाढात तुळसेच्या बकरीने सुभद्रेचा भोपळ्याचा वेल साफ केला होता, त्यावरून दोघींची जुंपली होती, आणि ऐन रंगात आलेलं ते भांडण पाय मोडल्यामुळे तसंच पडून राहिलं. सहा महिने! सुभद्रेला एकदम त्याचा संताप आला. तिने काठी उचलली आणि निघाली. अंगण ओलांडलं, पाणंद ओलांडली, मनात बोलायचं जुळवत जुळवत थेट तुळसेच्या अंगणातल्या खळ्यात. "तुळशे, भायर ये! भोपळ्याचा काय ता आज होवन जावंदे!"

तुळसा बाहेर आली आणि बघतच राहिली. मग भांडण झालं, अगदी मनासारखं झालं, दोघींनी काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. शेवटी तुळसेनेच डोळ्याला पदर लावला आणि चहा ठेवला. सुभद्रा घरी येऊन बसली तेव्हा गुडघ्यात कळ उठली. जाताना उठली नव्हती. निदान तिला ती समजली नव्हती.

त्या संध्याकाळी ती लवूला म्हणाली, "चलूक म्हणान चललंय तर पाय दुखता. कामाक म्हणान चललंय तर दुखणा नाय." लवूला यातलं फारसं कळलं नाही, पण तो "बरा" म्हणाला.

पण मी म्हणतो, मोठमोठी पुस्तकं वाचून माणसाला जे कळत नाही ते ह्या बाईला एका भोपळ्यावरून कळलं. आंगणेवाडी तिने मनातून काढून टाकली असं नव्हे, पण ती डोळ्यांसमोर ठेवायची नाही असं ठरवलं. रोज एकच काम ठरवायचं. ते काम आजच्या घरापेक्षा थोडं पुढच्या घरी हवं, आणि खरंच हवं, उगाच काढलेलं नको. कोंबडी कुंपणापलीकडे अंडं घालते, ते आणायचं. परसाकडे एकटीने जायचं, आनंदीला हाक न मारता. ते पौषात जमलं. आनंदी भात वैरत होती, सासू स्वतः परसाकडून येताना तिला दिसली, आणि ती मुखदुर्बळ पोर चुलीपाशीच रडायला लागली. सुभद्रेने तिला रागावून भाताकडे बघायला सांगितलं. त्या दिवशी ती पोटभर पाणी प्यायली.

म्हणजे तिचं स्वतःचं गाऱ्हाणं फळलं होतं. पण गाव ज्याला व्हय म्हणाला ते राहिलंच. माघात देवीची तारीख आली, आणि तोपर्यंत ती जेमतेम गावच्या वडापर्यंत पोचत होती. जत्रेच्या दिवशी तोंडवली रिकामी झाली. लवूने गाडीतून नेतो म्हटलं, ती नको म्हणाली. "गाडीतसून गेलंय तर देवीक काय सांगू? दाजी खोटा बोललो म्हणान?" दिवसभर ती पडवीत एकटी बसली. राग स्वतःचा आला, पायाचा आला, आणि दाजीचा सगळ्यात जास्त आला.

तो राग महिनाभरात उतरला. शिमग्याला गाऱ्हाणं घालायला गाव दाजीला बोलवायला गेला तर दाजी येईना. "माज्या तोंडात आता खोटा बसला. दुसरो कोण बघा," म्हणाला. चाळीस वर्षं गावाची सुखदुःखं देवाला सांगणारा माणूस घरात तोंड लपवून बसला. हे कळलं तेव्हा सुभद्रेला चैन पडेना. आजवर पाय एकटीचा होता. आता त्या पायात दुसऱ्याचा शब्दही अडकला होता. ती काठी टेकत दाजीच्या घरी गेली आणि दारातूनच म्हणाली, "दाजीनू, तुमी 'येतली जत्रा' बोललास, आणि येतली जत्रा दरवर्षी येता. देवीन खंयची जत्रा ता विचारूक नाय. येतल्या वर्षी जातलाव. तोपर्यंत मराचा नाय, सांगान ठेवतंय."

"तू येतलंस तर मीय चलान येतलंय," दाजी म्हणाला. "माज्या तोंडातसून गेला ता."

पाऊस लागला तशी पाणंदीत पाऊल टाकायची सोय राहिली नाही. मग ती पडवीत फेऱ्या घालू लागली. डब्यात चिंचोके. एक फेरी झाली की एक चिंचोका इकडच्या डब्यातून तिकडच्या डब्यात. काल झाल्या त्याहून एक जास्त, इतकाच नेम. दोन नाहीत, एक. कधी लवू म्हणायचा, "आज बरा दिसता तुजा, आणखी दहा मार." ती म्हणायची, "आणि फाल्या काय करू? फाल्याची फाल्याक ठेव." उद्याची फेरी उद्यालाच. श्रावणात डबा भरला, लवूने मोठा डबा आणून दिला.

दिवाळीनंतर ती पुन्हा वाटेला लागली. घर, मग पुढचं घर. एकीला चुना द्यायचा, दुसरीचं सूप विणायला आलेला बुरूड गाठायचा, तिसरीच्या बाळंतिणीला बघायचं. पाणंदीतल्या बायकांना आता तिच्या चालण्याचं काही वाटेनासं झालं, उलट ती आली नाही तर विचारपूस व्हायची. सगळं सुरळीत चाललेलं असताना एकदा तिची अक्कल गहाण पडली. गुडघा छान वाकतोय, हवा गार आहे, म्हणून ती थेट सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, चढून पार गावाच्या शिवेपर्यंत गेली आणि वर फुशारकीही मारून आली. रात्री गुडघा भोपळ्याएवढा सुजला. दहा दिवस आडवी. "एकच म्हणान ठरवलेला ना गो तू?" लवूने विचारलं. सुभद्रेने कूस बदलली. अकराव्या दिवशी तिने पुन्हा वडापासून सुरुवात केली.

इकडे आनंदी रोज मसुऱ्याला पाटी घेऊन जात होती. एके दिवशी परत आली आणि चाचरत म्हणाली, "ती मथुरा विचारी होती." मथुरा म्हणजे मसुऱ्यातलं सुभद्रेचं पहिलं घर, वीस वर्षांचं गिऱ्हाईक आणि वीस वर्षांची भांडखोर मैत्रीण.

"काय विचारी होती?"

"म्हणता, तुजी सासू मेली काय जिती आसा? जिती आसात तर सांग, तुज्याकडसून मासळी घेवक मजा नाय. तुका भांडाक येणा नाय."

सुभद्रा खदखदून हसली, आणि हसता हसता डोळे पुसले. मसुऱ्यात अजून कुणी तिची वाट बघत होतं. आजवर ती पायासाठी चालली, मग दाजीच्या शब्दासाठी चालली. आता तिला आपली माणसं हवी होती, तीस वर्षांची आपली दारं हवी होती.

१९६० चा माघ. देवीचा कौल झाला, तारीख आली. बारा दिवस उरले होते. सुभद्रा त्या वेळी एक कोस जाऊन येत होती. लवू पडेल चेहऱ्याने म्हणाला, "अजून दोन कोस कमी पडतत."

"कमी कशे? एक कोस जातंय आणि एक कोस येतंय. दोन झाले मा? परतूचा देवीन सांगूक नाय. एकच कोस कमी आसा."

लवूने बोटांवर मोजलं आणि मग त्याचाही चेहरा उजळला. बारा दिवसांत एक कोस. तिने बारा कामं ठरवली आणि बाराही केली, त्यात दोन भांडणं होती.

जत्रेच्या दिवशी उजाडता उजाडता दाजी काठी घेऊन तिच्या अंगणात हजर. लवूने बैलगाडी जोडून ठेवली होती. "मी गाडी घेवन पाठसून येतंय हां. नाय जमला तर..."

"पाठसून गाडी येता ह्या कळला तर पाय गाडीतच बसतले," सुभद्रा म्हणाली. "तू आनंदीक घेवन फुडे जा. देवीची ओटी तिच्याकडे दी. आमी थंय येताव."

"आणि वाटेत काय झाला तर?"

"तर वाटेत माणसा आसत! आज सगळी वाट माणसांनी भरलेली आसा. जा तू."

गाडी गेली. मग ही दोघं निघाली, एक लंगडी आणि एक म्हातारा. पहिल्या कोसाची वाट तिच्या रोजच्या पायाखालची. त्यापुढच्या सांकवाशी ती क्षणभर थांबली, मग दाजीला म्हणाली, "तुमी आधी जावा." दाजी गेला. तिने काठी आधी टेकली, मग डावा पाय टाकला, मग उजवा. पलीकडे पोचल्यावर तिने एकदा वळून व्हाळाकडे बघितलं आणि पुढे चालू लागली.

ऊन चढत गेलं. जत्रेला चाललेली माणसं मागून येत, ओळखत, थांबत, पुढे जात. मसुऱ्याच्या पहिल्या घराशी मथुरा वाटेवरच उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. "इतको उशीर?" तिने कमरेवर हात ठेवून विचारलं. "दोन वर्षा लागली तुका इतक्याक येवक!"

"तुजा तोंड बघूक लागात म्हणान हळू इलंय," सुभद्रा म्हणाली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. सुभद्रा पाणी प्यायली, बसली मात्र नाही. बसलं की गुडघा आखडतो हे तिला ठाऊक होतं.

शेवटचा अर्धा कोस चढाचा. आणि तिथे सुभद्रेचा नव्हे, दाजीचा पाय थांबला. वाटेच्या कडेला एका दगडावर तो बसला, छाती भात्यासारखी वरखाली. "सुभद्रा, तू जा गो. माज्याच्यान होणा नाय. तू गेलंस की माजो शब्द पुरो झालो."

सुभद्रेने त्याच्याकडे बघितलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, कपाळावर घाम, आणि डोळ्यांत तिचीच दोन वर्षांपूर्वीची नजर. तिने पदराने त्याला वारा घातला, दम खाऊ दिला. मग म्हणाली, "दाजीनू, तो फणस दिसता?"

"दिसता."

"थंयपर्यंत चला."

"आणि मगे?"

"मगे काय ता मगे बघूया. आता फणस."

दाजी उठला. फणस आला. मग एक वळण आलं, मग पानसुपारीचं एक दुकान, मग खेळण्यांची पालं. दर वेळी ती एकच जागा दाखवायची आणि त्याच्या पुढचं काही बोलायची नाही. मध्ये दाजी एकदा अडखळला तेव्हा तिने हात दिला. तिच्या खांद्यावर कुणाचा हात नको, असं गाऱ्हाणं होतं. तिचा हात कुणाला द्यायचा नाही, असं काही नव्हतं. असं करता करता ढोल ऐकू यायला लागले, आणि गर्दीने त्या दोघांना आपोआप आपल्यात ओढून घेतलं.

रांगेत लवू आणि आनंदी वाट बघत होती. लवूने तिला बघितलं आणि नुसतं मुंडासं काढून हातात धरलं. आनंदीने ओटी सासूच्या हातात दिली. देवीसमोर आल्यावर सुभद्रेने ओटी भरली, काठी बाजूला आनंदीकडे दिली, आणि दोन्ही पायांवर सरळ उभी राहून हात जोडले. किती वेळ? मागचे ढकलेपर्यंत.

बाहेर सावलीला आल्यावर दाजीने विचारलं, "काय मागलंस गो?"

"मागूचा काय आसा?" सुभद्रा म्हणाली. "तिका सांगलंय, तोंडवलीची सुभद्रा पायान चलान इली म्हणान. आणि दाजी गावकर खोटा बोलाक नाय, ता पण सांगलंय."

जन्मभर दुसऱ्यांचं म्हणणं देवाला सांगत आलेला माणूस, त्याचं म्हणणं आज पहिल्यांदा कुणीतरी देवीला सांगितलं होतं. त्याने हळूच दोन्ही हात जोडले, देवळाकडे नाही, तिच्याकडे.

"माका कित्याक हात जोडतास, दाजीनू?" सुभद्रा खेकसली. "देवी थंय आसा."

"दिसता माका," दाजी म्हणाला, आणि हात तसेच जोडून राहिला.